करंटच्या रेघेशी इमान

३० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १५ किलोव्होल्टपर्यंत चार्ज केला की त्यात ३,३७५ जूल ऊर्जा साठते. आकडा फार मोठा नाही. पण हीच ऊर्जा तीन मायक्रोसेकंदांच्या आत बाहेर काढली, तर तेवढ्या वेळापुरती सरासरी शक्ती हजार मेगावॅटच्या वर जाते आणि वाहकांतून पावणेदोन लाख ॲम्पियर करंट धावतो. ऊर्जा सावकाश जमवायची आणि क्षणात सोडायची, हे पल्स्ड पॉवरचं सूत्र. सोडलेली ऊर्जा ज्यात शिरते तो प्लाझ्मा, म्हणजे तापून विद्युतवाहक झालेला वायू, मात्र साधा रेझिस्टर नसतो. तो हलतो, पसरतो, आवळला जातो, आणि ज्या सर्किटनं त्याला जन्म दिला त्याच सर्किटला बदलून टाकतो. ही यंत्रं कॉम्प्युटरवर मांडण्यातली सगळी अडचण आणि सगळा आनंद या एका गोष्टीतून येतो.

हे समजून घ्यायला एक लहान यंत्र पुरेसं आहे. १९८५-८६ मध्ये क्वालालंपूरच्या मलाया विद्यापीठात, युनायटेड नेशन्स युनिव्हर्सिटी आणि इटलीतल्या ट्रिएस्टचं आंतरराष्ट्रीय सैद्धांतिक भौतिकी केंद्र (आयसीटीपी) यांच्या पाठबळावर, विकसनशील देशांतल्या भौतिकशास्त्रज्ञांसाठी एक प्रशिक्षण उपक्रम झाला. प्रा. सिंग ली त्याचे सूत्रधार. तिथे घडलेलं ३ किलोजूलचं प्लाझ्मा फोकस पुढे भारत, पाकिस्तान, इजिप्त अशा देशांतल्या प्रयोगशाळांत पोचलं. आपल्याकडे दिल्ली विद्यापीठात त्यावर काम झालं. या यंत्राचं मोठेपण आकारात नाही. त्याच्यासोबत एक गणिती मॉडेल जन्मलं, ते वर्षानुवर्षं सुधारत गेलं, आणि आज ते साध्या एक्सेलच्या तक्त्यात चालतं, हे त्याचं मोठेपण. प्लाझ्मा भौतिकीत पुढच्या रांगेत बसायला सुपरकॉम्प्युटरच हवा, हा समज या तक्त्यानं पुसला. माझ्या मते या क्षेत्रातल्या सर्वात उदार कामांपैकी हे एक आहे.

यंत्राची रचना अशी. मधोमध तांब्याचा पोकळ ॲनोड, त्रिज्या ०.९५ सेंमी, लांबी १६ सेंमी. भोवती ३.२ सेंमी त्रिज्येच्या वर्तुळावर तांब्याच्या सहा कांबी, त्या मिळून कॅथोड. मागच्या टोकाला ॲनोडवर काचेची नळी. चेंबरमध्ये ३ ते ४ टॉर इतक्या कमी दाबाचा ड्युटेरियम (जड हायड्रोजन) वायू. स्पार्क गॅप, म्हणजे ठिणगीनं जोडला जाणारा स्विच, पेटला की काचेच्या पृष्ठभागावरून डिस्चार्ज सुरू होतो, करंटचं एक पातळ आवरण तयार होतं आणि स्वतःच्याच चुंबकीय दाबानं ॲनोड आणि कॅथोड यांच्यामधल्या नळीसारख्या पोकळीतून पुढे सरकतं. ॲनोडच्या टोकाशी पोचलं की ते आत कोसळतं. शेवटी उरतो एक-दीड मिलिमीटर त्रिज्येचा आणि जेमतेम दीड सेंटिमीटर लांबीचा आवळलेल्या प्लाझ्माचा खांब, म्हणजे पिंच. काही नॅनोसेकंदांचं आयुष्य, त्यात एक्स-रे, आणि एका शॉटमागे १० कोटींच्या आसपास न्यूट्रॉन.

आता आकडेमोड. कपॅसिटर, स्विच, केबल आणि जोडण्या मिळून या यंत्राचा स्थिर इंडक्टन्स (करंटच्या बदलाला होणारा चुंबकीय विरोध) ११० नॅनोहेन्री, रेझिस्टन्स १२ मिलिओम. इंडक्टन्स आणि कपॅसिटन्सच्या गुणाकाराचं वर्गमूळ काढलं तर १.८२ मायक्रोसेकंद येतात. त्याला दोन पायनं गुणलं की ११.४ मायक्रोसेकंदांचा आवर्तकाळ, म्हणजे पाव आवर्तन २.८५ मायक्रोसेकंद. भागाकाराचं वर्गमूळ काढलं तर सर्ज इम्पिडन्स ६० मिलिओमच्या किंचित वर. १५ किलोव्होल्टला त्यानं भागा: २४८ किलोॲम्पियर. रेझिस्टन्स धरला की शिखर उतरतं २१४ वर. प्रत्यक्षात यंत्र चालतं तेव्हा ऑसिलोस्कोपवर मात्र १७० ते १८० किलोॲम्पियर दिसतात. पहिल्या दोन आकड्यांतली तफावत तारांनी आणि स्विचनं खाल्ली. दुसऱ्या आणि तिसऱ्यातली तफावत प्लाझ्मानं खाल्ली. सिम्युलेशनला जे सांगायचं आहे ते या दुसऱ्या तफावतीत आहे, म्हणून पहिली तफावत आधी चोख ठाऊक असली पाहिजे.

ती कळण्यासाठी शॉर्ट-सर्किट शॉट घेतात. इलेक्ट्रोड लोखंडी तुकड्यानं जोडायची गरज नाही. वायूचा दाब बराच वाढवला की आवरण जड होतं, जवळजवळ जागचं हलत नाही, आणि करंट घंटेसारखा उतरत जाणाऱ्या साइन लहरीत झुलतो. त्या रेघेवरून दोन गोष्टी मोजायच्या: आवर्तकाळ, आणि लागोपाठच्या दोन शिखरांचं (एक वरचं, पुढचं खालचं) गुणोत्तर. आवर्तकाळाचा वर्ग, भागिले चार पाय-वर्ग गुणिले कपॅसिटन्स, हा इंडक्टन्स. गुणोत्तराच्या नैसर्गिक लॉगॅरिदमला उणे दोन भागिले पायनं आणि सर्ज इम्पिडन्सनं गुणलं की रेझिस्टन्स. आपल्या यंत्रात गुणोत्तर ०.७३ च्या आसपास यायला हवं. त्याच रेघेवरून पहिल्या शिखराचा करंटही निघतो: पाय गुणिले कपॅसिटन्स गुणिले व्होल्टेज, गुणिले एक अधिक गुणोत्तर, भागिले आवर्तकाळ. उत्तर २१३ किलोॲम्पियर. वाहकाभोवती बसवून करंट मोजणाऱ्या रोगोव्स्की कॉइलच्या व्होल्टला किलोॲम्पियरमध्ये बदलणारा गुणक इथून मिळतो. कॉइलचे वेढे मोजून, सूत्रात घालून काढलेल्या गुणकापेक्षा हा कधीही भरवशाचा, कारण तो त्याच जागी, त्याच केबलवर, त्याच टर्मिनेशनसह मिळालेला असतो.

इथे एक व्यवहाराची गोष्ट. ७३ टक्के उलटा व्होल्टेज कपॅसिटरच्या आयुष्यावर उठतो. म्हणून हे शॉट पूर्ण १५ किलोव्होल्टला घेऊ नयेत, कमी व्होल्टेजला घ्यावेत. इंडक्टन्स त्यानं बदलत नाही. स्पार्क गॅपचा रेझिस्टन्स थोडा बदलतो, तेवढं ध्यानात ठेवावं. कॉइलचा सिग्नल आरसी सर्किटनं इंटिग्रेट करत असाल तर त्याचा कालांक (टाइम कॉन्स्टंट) ११ मायक्रोसेकंदांच्या कैक पट मोठा हवा, नाहीतर रेघ खाली झुकते आणि तो झुकाव रेझिस्टन्स म्हणून मोजला जातो. कच्चा सिग्नल नोंदवून तक्त्यात बेरीज करणं मला जास्त पसंत आहे. त्यात मात्र ट्रिगरच्या आधीची सरासरी वजा करायला विसरू नये. ऑसिलोस्कोपचा काही मिलिव्होल्टांचा ऑफसेट बेरजेत सरळ चढत जाणारी रेघ होऊन बसतो.

आता प्लाझ्माकडे. आवरण नळीतून पुढे सरकतं तशी त्याच्यामागची चुंबकीय जागा वाढते, म्हणजे इंडक्टन्स वाढतो. समाक्ष नळीचा इंडक्टन्स दर मीटरला दोन गुणिले दहाचा उणे सातवा घात गुणिले त्रिज्यांच्या गुणोत्तराचा लॉगॅरिदम. ३.२ भागिले ०.९५, त्याचा लॉगॅरिदम १.२१, म्हणजे सेंटिमीटरला २.४ नॅनोहेन्री. १६ सेंमी संपेपर्यंत ३९ नॅनोहेन्री वाढतात. पण साठलेल्या इंडक्टन्सपेक्षा तो वाढण्याचा वेग महत्त्वाचा. आवरण मायक्रोसेकंदाला १० सेंमी वेगानं धावत असेल तर इंडक्टन्स दर सेकंदाला ०.०२४ हेन्री या दरानं वाढतो, आणि या राशीचं एकक ओम आहे. सर्किटला जणू २४ मिलिओमचा नवा रेझिस्टन्स दिसतो, तारांच्या रेझिस्टन्सच्या दुप्पट. फरक इतकाच की यात गेलेली ऊर्जा उष्णता होऊन विरत नाही. तिचा एक भाग प्लाझ्माला ढकलतो, उरलेला चुंबकीय क्षेत्रात बसतो.

आतल्या कोसळण्यात हा दर कितीतरी पट चढतो. त्रिज्या अडीच मिलिमीटर, लांबी एक सेंटिमीटर आणि आत येण्याचा वेग मायक्रोसेकंदाला २० सेंमी धरला, तर दर येतो ०.१६ ओम. दीड लाख ॲम्पियरला गुणा: २४ किलोव्होल्ट. १५ किलोव्होल्टच्या कपॅसिटरवर चालणाऱ्या यंत्रात, त्या क्षणी इलेक्ट्रोडांवर चार्जिंग व्होल्टेजपेक्षा मोठा स्पाइक का दिसतो आणि करंटच्या रेघेत खोल घळ का पडते, त्याचं उत्तर या गुणाकारात आहे. केबलचं इन्सुलेशन १५ किलोव्होल्टच्या हिशेबानं निवडणाऱ्यांनी हा गुणाकार आधी करावा.

आवरणाची गती काढायला जे समीकरण वापरतात ते न्यूटनचंच: गोळा केलेल्या वस्तुमानाच्या संवेगाचा बदल बरोबर चुंबकीय बल. आवरण वाटेतला सगळा वायू ढकलत नेतं असं गृहीत धरलं तर मात्र वेग फार कमी येतो. ओसरीवर साचलेलं पाणी खराट्यानं ढकलताना काही पुढे जातं, काही काड्यांमधून मागे राहतं आणि बरंचसं बाजूला निसटतं, तसं इथे होतं. आवरण तिरकं असतं, आणि वायू त्याच्या पृष्ठावरून बाहेर, कॅथोडकडे घसरतो. म्हणून मॉडेलमध्ये एक वस्तुमान-गुणांक ठेवतात, आणि सगळा करंट आवरणातून वाहत नाही म्हणून एक करंट-गुणांक. या यंत्रासाठी नळीतल्या प्रवासात वस्तुमानाचा गुणांक ०.०८, करंटचा ०.७. कोसळण्याच्या टप्प्यात ०.१६ आणि ०.७.

हे आकडे घालून हिशेब हातानं पडताळता येतो. साडेतीन टॉर ड्युटेरियमची घनता खोलीच्या तापमानाला घनमीटरला साधारण ०.७५ ग्रॅम. नळीचं क्षेत्रफळ २९ चौरस सेंमी. ०.०८ नं गुणलं की मीटरला ०.१८ मिलिग्रॅम, म्हणजे १६ सेंटिमीटरमध्ये आवरण फक्त २८ मायक्रोग्रॅम वायू नेतं. १७० किलोॲम्पियरच्या ७० टक्के करंटचं बल १,७०० न्यूटनच्या आसपास. बल भागिले दर मीटरचं वस्तुमान, त्याचं वर्गमूळ: मायक्रोसेकंदाला ९.९ सेंमी. कॉम्प्युटर चालू करायच्या आधी कागदावर एवढं आलं की तक्त्यातली एककं बरोबर आहेत याचा निम्मा दिलासा मिळतो. यातली नेहमीची चूक म्हणजे ड्युटेरियमचं वस्तुमान २ घालणं. वायू रेणूंचा असतो, तिथे ४ हवं. निऑनला २०, आर्गॉनला ४०. दोन घातलं तर घनता अर्धी होते, आवरण वेळेआधी पोचतं, आणि मग माणूस ती चूक झाकायला वस्तुमान-गुणांक दुप्पट करून बसतो. रेघ जुळते, मॉडेल खोटं असतं.

तक्ता लिहिताना दर पायरीला चार राशी पुढे न्यायच्या: कपॅसिटरवरचा चार्ज, करंट, आवरणाची जागा, त्याचा वेग. वेळ १.८२ मायक्रोसेकंदांच्या एककात मोजली तर एकहजारांश पायरी, म्हणजे १.८ नॅनोसेकंद, नळीच्या प्रवासाला पुरते. पहिल्याच ओळीत एक खड्डा आहे. सुरुवातीला जागा शून्य, आणि प्रवेगाच्या सूत्रात जागा छेदात. शून्य भागिले शून्य. काही जण जागेच्या रकान्यात शून्याऐवजी एक छोटी संख्या घालून वेळ मारून नेतात. चालतं, पण सुरुवातीचे थेंब उडाल्यासारखे आकडे नाचतात. योग्य वाट ही की सुरुवातीच्या क्षणी करंट वेळेच्या प्रमाणात आणि जागा वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते असं समीकरणात घालून सीमा काढावी. एककरहित रूपात पहिला प्रवेग दोन-तृतीयांशाचं वर्गमूळ गुणिले विद्युत आणि यांत्रिक कालांकांचं गुणोत्तर असा येतो. तो पहिल्या ओळीत थेट लिहावा.

कोसळण्याचा टप्पा शंभर-दोनशे नॅनोसेकंदांत उरकतो, म्हणून तिथे पायरी बरीच लहान हवी. आणि इथे साधं स्नोप्लाऊ समीकरण हात टेकतं. सगळं वस्तुमान एका पातळ पडद्यात धरलं तर पडदा थेट अक्षापर्यंत जातो, त्रिज्या शून्य होते, इंडक्टन्सचा दर अनंत. लींच्या मॉडेलमध्ये म्हणून पुढे धावणारा शॉक आणि मागून येणारा चुंबकीय पिस्टन वेगळे धरतात, मधल्या जाड थरात तापलेला वायू. पिस्टन ढकलला हे शॉकला कळायलाही वेळ लागतो. त्या थरातल्या ध्वनीवेगाइतका उशीर गणितात घातला नाही तर वेग अवास्तव चढतात. या टप्प्याची सुरुवात करताना नळीतले ३९ नॅनोहेन्री पुढे न्यायचे असतात. नव्या टप्प्यासाठी नवा रकाना केला आणि हे मागे विसरले, तर करंटमध्ये उडी दिसते. करंट कधीच उडी मारत नाही. उडी दिसली की चूक सांध्यावर आहे असं बिनधास्त समजावं. प्रत्येक ओळीत कपॅसिटरमधली, चुंबकीय क्षेत्रातली, रेझिस्टन्सनं खाल्लेली आणि प्लाझ्मानं घेतलेली ऊर्जा बेरजेला मांडावी. ३,३७५ जूल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत टिकले पाहिजेत. ही बेरीज एका टक्क्यापलीकडे सरकली तर पायरी मोठी आहे किंवा चिन्ह चुकलं आहे.

मग जुळवणी. मोजलेली करंटची रेघ आणि काढलेली रेघ एकमेकींवर ठेवायच्या आणि क्रम न मोडता पुढे जायचं. आधी चढ. चढाचा उतार व्होल्टेज भागिले इंडक्टन्स, आपल्याकडे मायक्रोसेकंदाला १३६ किलोॲम्पियर. तो जुळत नसेल तर गुणांकांना हात लावू नये. शॉर्ट-सर्किट शॉटकडे परत जावं. मग शिखराची उंची आणि घळ सुरू होण्याची वेळ. इथे दोन गुणांक आहेत आणि ते एकमेकांत गुंतलेले आहेत, कारण वेग ठरतो करंट-गुणांक भागिले वस्तुमान-गुणांकाच्या वर्गमुळावर. दोन्ही योग्य प्रमाणात वाढवले तर वेळ तीच राहते. उंची मात्र राहत नाही, कारण सर्किटला जाणवणारा अडसर वेग आणि करंट-गुणांक यांच्या गुणाकारानं ठरतो. म्हणून वेळेवरून गुणोत्तर काढायचं आणि उंचीवरून दोघांना वेगळं करायचं. शेवटी घळीचा उतार आणि खोली, त्यासाठी कोसळण्याच्या टप्प्याचे दोन गुणांक. वेळेच्या अक्षावर काढलेली रेघ थोडी डावी-उजवीकडे सरकवायला हरकत नाही, स्पार्क गॅप पेटल्याचा नेमका क्षण आवाजात बुडालेला असतो. उभ्या अक्षावर ताणायची मात्र मुभा घेऊ नये. तिथला गुणक शॉर्ट-सर्किट शॉटनं ठरलेला आहे.

इतकी कडक शिस्त कशासाठी? न्यूट्रॉनची संख्या पिंचमधल्या करंटच्या चौथ्या घाताच्या आसपास वाढते. करंटमध्ये दहा टक्के चूक म्हणजे न्यूट्रॉनच्या अंदाजात ४६ टक्के. मोजलेल्या रेघेशी न जुळवलेल्या मॉडेलनं सांगितलेल्या उत्पन्नाला मी किंमत देत नाही, मग आलेख कितीही रंगीत असो. आणि जुळवणीची खरी परीक्षा पुढची आहे: एका दाबाला जुळवलेले गुणांक तसेच ठेवून दुसऱ्या दाबाचा शॉट काढून बघावा. दाब वाढवला की आवरण उशिरा पोचतं, करंट उतरणीला लागलेला असतो. कमी केला की शिखराच्या आधीच पोचतं. मधे कुठेतरी दोन्हींची गाठ पडते. चांगल्या चालणाऱ्या ड्युटेरियमच्या यंत्रांत शिखराचा करंट भागिले ॲनोडची त्रिज्या भागिले दाबाचं वर्गमूळ हा आकडा सेंटिमीटर आणि टॉरच्या एककांत ९० किलोॲम्पियरच्या आसपास येतो, लहान यंत्र असो की मोठं. दर शॉटला गुणांक नव्यानं लावावे लागत असतील तर ते भाकीत नाही, नोंद आहे.

मोठ्या यंत्रांकडे वळलं की कोडं मोठं होतं, जात तीच राहते. न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कच्या सँडिया प्रयोगशाळेतलं झेड यंत्र घ्या. ३६ मार्क्स जनरेटर, प्रत्येकात २.६ मायक्रोफॅरडचे ६० कपॅसिटर. एर्विन मार्क्सनं १९२० च्या दशकात जर्मनीत मांडलेली युक्ती इथे जशीच्या तशी आहे: कपॅसिटर समांतर चार्ज करायचे, स्पार्क गॅपांनी क्षणात मालिकेत जोडायचे. ८५ किलोव्होल्टला चार्ज केलेले ६० कपॅसिटर मालिकेत आले की ५१ लाख व्होल्ट आणि फक्त ४३ नॅनोफॅरड. सगळे मिळून २ कोटी जूल. मार्क्सची ऊर्जा पाण्यानं भरलेल्या कपॅसिटरांत जायला मायक्रोसेकंदाच्या वर वेळ लागतो. तिथून लेझरनं पेटणारे गॅस स्विच आणि पाण्यातल्या लाइन पल्स दाबत नेतात, आणि मधल्या बिंदूवर शंभर नॅनोसेकंदांत २ कोटी ६० लाख ॲम्पियर पोचतात.

इथे सुटे कपॅसिटर आणि सुटे इंडक्टर जोडून भागत नाही. पाण्यात विद्युतलहर प्रकाशाच्या सुमारे एक-नवमांश वेगानं जाते, नॅनोसेकंदाला ३.३ सेंमी. एक मीटर पाणी म्हणजे ३० नॅनोसेकंद. पल्सच शंभर नॅनोसेकंदांचा असेल तर यंत्राच्या एका टोकाला काय चाललंय हे दुसऱ्याला बराच वेळ माहीत नसतं. म्हणून अमेरिकेच्या नेव्हल रिसर्च लॅबोरेटरीचा बर्था किंवा सँडियाचा स्क्रीमर अशा कोडमध्ये यंत्र ट्रान्समिशन लाइनच्या तुकड्यांत मांडतात. एका तुकड्यातून लहर जायला लागणारा वेळ एका पायरीइतका. दर सांध्यावर इम्पिडन्सच्या फरकाला बेरजेनं भागायचं, तेवढा हिस्सा परततो, उरलेला पुढे जातो. चार ओमवरून दोन ओमवर गेलात तर व्होल्टेजचा एक-तृतीयांश उलटा होऊन परत येतो. साधं गणित, पण शेकडो सांध्यांवर हजारो पायऱ्या चालवलं की पल्सचा आकार आश्चर्य वाटावं इतका खरा उतरतो.

स्विच मात्र नेहमी दगा देतो. सर्किट सोडवणाऱ्या साध्या स्पाइस प्रोग्रॅममध्ये गिगाओमवरून मिलिओमवर शून्य वेळात उतरणारा स्विच टाकला की एकतर प्रोग्रॅम पायरी लहान करत करत थांबतो, नाहीतर पल्सवर खोट्या लहरी चढतात. खऱ्या ठिणगीचा रेझिस्टन्स काही नॅनोसेकंद घेऊन उतरतो. ब्रिटनमधल्या आल्डरमास्टनच्या जे. सी. मार्टिन यांनी प्रयोगांवरून बसवलेल्या सूत्रानुसार हा वेळ विद्युतक्षेत्राच्या चार-तृतीयांश घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. क्षेत्र दुप्पट केलं की वेळ ४० टक्क्यांवर येतो. तेवढ्या कालांकानं घसरणारा रेझिस्टन्स घातला तर बहुतेक दुखणी जातात. मार्क्समध्ये आणखी एक गोष्ट हमखास राहते: प्रत्येक पायरीचा जमिनीशी असलेला भटका कपॅसिटन्स. काही पिकोफॅरड म्हणून तो सोडला, तर सिम्युलेशनमध्ये वरच्या गॅपांवर जादा व्होल्टेज येतच नाही आणि मार्क्स उभा राहत नाही, म्हणजे त्याचे कपॅसिटर मालिकेत जोडलेच जात नाहीत. प्रत्यक्षात तो उभा राहतो तो याच पिकोफॅरडांमुळे.

पाणी संपून निर्वात सुरू झाला की पुन्हा भार जिवंत होतो. सेंटिमीटरला २०० किलोव्होल्टच्या वर धातूच्या पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन सुटतात. करंटचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र त्यांना वळवून धरतं. पण जिथे लाइन एकत्र येतात तिथे चुंबकीय क्षेत्र शून्य होणाऱ्या जागा असतात आणि काही करंट भारापर्यंत न पोचता निसटतो. हा निसटलेला करंट एकेका कणाचा माग काढून मोजायचा तर पार्टिकल-इन-सेल कोड हवा, महागडा आणि वेळखाऊ. सर्किट कोडमध्ये त्याऐवजी एक फ्लो इम्पिडन्स घालतात: व्होल्टेज भागिले निसटण्याच्या जागेच्या आधीच्या आणि नंतरच्या करंटांच्या वर्गांच्या फरकाचं वर्गमूळ. हा आकडाही मोजलेल्या करंटवरूनच ठरतो. लींचे ०.०८ आणि ०.७ इथे नाव बदलून भेटतात.

मुंबईत ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात काली नावाची इलेक्ट्रॉन-किरण यंत्रांची मालिका घडली. काली-५००० मध्ये मार्क्स, ब्लमलाइन (पल्सला आकार देणारी दुहेरी ट्रान्समिशन लाइन) आणि निर्वातातला डायोड अशी साखळी आहे. अशा यंत्रात डायोडच्या जागी ठराविक ओमचा रेझिस्टन्स धरणारं सिम्युलेशन पहिल्या वीस-तीस नॅनोसेकंदांपुरतं बरं. कॅथोडवरचा प्लाझ्मा मायक्रोसेकंदाला काही सेंटिमीटर वेगानं ॲनोडकडे पसरतो. दोन सेंमीचा वेग धरला तर शंभर नॅनोसेकंदांत एक सेंटिमीटरचा गॅप आठ मिलिमीटर होतो, आणि चाइल्ड-लँगम्युअर नियमानं करंट अंतराच्या वर्गाच्या व्यस्त असल्यानं त्याच व्होल्टेजला दीडपटीहून अधिक वाहतो. ब्लमलाइनशी बसवलेला मेळ पल्सच्या शेपटीपर्यंत बिघडलेला असतो, आणि परतलेली लहर मागच्या स्विचांना सोसावी लागते.

सिम्युलेशननं या विद्येला दिलेली सर्वात मोलाची गोष्ट मला कुठली वाटते, तर पिंच करंटची मर्यादा. सहज वाटतं की यंत्राचा स्थिर इंडक्टन्स जितका कमी करू तितकं बरं. केबल वाढवा, स्विच वाढवा, जोडण्या आखूड करा. खर्चाचं काम आहे. शिखराचा करंट खरोखर वाढतो. पण ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वॉर्साच्या पीएफ-१००० यंत्राच्या आकड्यांवर मॉडेल चालवून दाखवलं की इंडक्टन्स एका मर्यादेखाली नेला तर पिंचमधला करंट वाढायचा थांबतो. कारण गणितात स्पष्ट दिसतं. इंडक्टन्स कमी झाला की पाव आवर्तन आखूड होतं, म्हणून ॲनोड आखूड करावा लागतो. करंट वाढला म्हणून तो जाड करावा लागतो. जाड ॲनोडचा पिंच लांब, त्याचा इंडक्टन्स मोठा, आणि मागच्या सर्किटमध्ये तो आवळताना करंट टिकवून धरायला पुरेशी चुंबकीय ऊर्जाच उरलेली नसते. शिखर वर जातं, घळ त्याहून खोल होते.

हे ज्याला स्वतः पाहायचं असेल त्यानं ३ किलोजूलच्या यंत्राचा तक्ता उघडावा आणि कपॅसिटर, व्होल्टेज, गुणांक तसेच ठेवून इंडक्टन्स ११०, मग ६०, मग ३० नॅनोहेन्री करावा. रेझिस्टन्स सर्ज इम्पिडन्सच्या त्याच प्रमाणात, म्हणजे साधारण एक-पंचमांश, ठेवावा, नाहीतर तुलना खोटी ठरते. दर वेळी ॲनोडची लांबी अशी कमी करावी की आवरण करंटच्या शिखराच्या सुमाराला टोकाशी पोचेल, आणि त्रिज्या अशी वाढवावी की तो ९० चा आकडा जागेवर राहील. कॅथोडची त्रिज्या त्याच गुणोत्तरात. मग शेजारी-शेजारी दोन रकाने लिहावेत, शिखराचा करंट आणि पिंच सुरू होतानाचा करंट, आणि तिसऱ्यात त्यांचा भागाकार. पहिले दोन रकाने कुठे एकमेकांची साथ सोडू लागतात ते त्या तिसऱ्यात दिसतं.